तांबळवाडीचं विसावं बाळ

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आईनं मला तीनदा बजावलं आहे. एकदा भाकरी थापताना, एकदा देवासमोर आणि एकदा कान धरून. मी कुणाशी फारशी बोलत नाही, म्हणून तिला वाटतं माझ्या पोटात गोष्टी टिकतात. टिकतात. पण ही फार फुगली आहे. म्हणून बोलत नाही, नुसती लिहून ठेवते. आई रस्त्यापर्यंत गेली आहे तोवर उरकलं पाहिजे.

आई आमच्या वाडीच्या अंगणवाडीची सेविका आहे. सगळे तिला मालनताई म्हणतात. इथं मीही मालनताईच लिहिणार आहे, नाहीतर तिची फजिती लिहिताना हात अडखळतो.

तर ओढ्याच्या अलीकडे तांबळवाडी नावाची वाडी, आणि वाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी. कामाला वाघ. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. अडचण एवढीच होती, की तो सांगितलेलंच काम करायचा. त्याच्यापेक्षा काडीभर कमी नाही आणि काडीभर वेगळं नाही.

केरबाची बायको शेवंता अंगणवाडीत मदतनीस होती. पोरं घरून आणायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची. माघ महिन्यात ती शेणाची पाटी घेऊन उतारावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. पायाला प्लास्टर. दीड महिना हलायचं नाही.

नेमका त्याच आठवड्यात वरून कागद आला. ज्या अंगणवाडीत वीसपेक्षा कमी मुलं, ती बंद करायची आणि शेजारच्या गावच्या अंगणवाडीत मिसळायची. शेजारचं गाव ओढ्यापलीकडं. ओढ्याला साकव नाही, दगडावरून उड्या मारत जायचं. तीन वर्षांच्या पोरांनी कशा उड्या मारायच्या, ते कागदात लिहिलेलं नव्हतं. तांबळवाडीच्या पटावर बरोबर वीस पोरं होती. मोजायला तालुक्याच्या मॅडम येणार होत्या. कधी येणार, तेही कागदात नव्हतं.

शेवंता खाटेवरून म्हणाली, "अवो, माझ्या जागी तुम्ही जावा. अंगणवाडी गेली तर माझं काम गेलं, आणि पोरं बसली घरात माती खात. ताई सांगतील तसं करा. आपलं डोकं लावू नका."

"मी कधी लावलंय?" केरबा म्हणाला.

"तेच म्हणते मी. तसंच चालू ठेवा."

मदतनीस म्हणून गडीमाणूस चालत नाही, हे मालनताईंना ठाऊक होतं. पण दुसरं कुणी मिळेना. "बोलू नका कुठं," त्या म्हणाल्या, आणि केरबा कामाला लागला. तसा तो खूश होता. त्याला मूलबाळ नव्हतं आणि पोरांच्या घोळक्यात बसायला त्याला फार आवडायचं.

पहिल्या दिवशी मालनताई म्हणाल्या, "केरबादादा, घरोघर जावा आणि पोरं घेऊन या. आंघोळ राहिलीय, जेवतंय, झोपलंय, असं काहीबाही आया सांगतील. ऐकायचं नाही. पोर असेल तसं उचलायचं आणि आणायचं."

केरबा गेला आणि पोरं असतील तशी घेऊन आला. राजवीर आंघोळ करत होता. तो घमेल्यात बसूनच आला, डोक्यावर साबणाचा फेस घेऊन. अन्वी जेवत होती. ती पाटावर बसून आली, मांडीवर ताट आणि ताटात तोंड घातलेलं मांजर. शौर्य झोपला होता, आणि झोपेत त्यानं आजीच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. म्हणून केरबानं एका खांद्यावर शौर्यला घेतलं आणि दुसऱ्या खांद्यावर आजीला. आजी वाटभर ओरडत होती. पण आजीबद्दल ताई काही बोलल्या नव्हत्या.

मालनताईंनी कपाळावर हात मारला. "अहो केरबादादा! आणायच्या आधी पाण्यानं चांगलं धुवायचं, पंचानं खसखसून पुसायचं, कोरडं झालं की मग आणायचं!"

"असं व्हय? मग आधी सांगायचं की."

केरबाच्या खांद्यावर कायम एक लांब पंचा असायचा. त्यानं पंचाला एक गाठ मारली. "ध्यानात ऱ्हायलं, ताई. आता न्हाई चुकायचो."

शनिवारी पोरांना शेंगदाण्याचे लाडू करायचे होते. मालनताई म्हणाल्या, "केरबादादा, बचत गटाच्या बायकांकडून गुळाची ढेप घेऊन या."

केरबानं ढेप घेतली. पंचाची गाठ बघितली. ओढ्यावर गेला आणि ढेप पाण्यानं चांगली धुतली. पंचानं खसखसून पुसली. कोरडी होईना, म्हणून पुन्हा धुतली. पुन्हा पुसली. ढेप लहान होत गेली, पण केरबानं धीर सोडला नाही. शेवटी तो अंगणवाडीत आला तेव्हा त्याच्याकडं सुपारीएवढा गूळ होता. अगदी स्वच्छ.

"आणि बाकीचा?"

"बाकीचा मळ हुता, ताई. निघून गेला."

त्या दिवशी लाडू झाले नाहीत. पोरांनी केरबाचा पंचा आळीपाळीनं चोखला. तेव्हापासून केरबाच्या मागं मुंग्यांची एक रांग चालायला लागली.

मालनताईंनी कपाळावर हात मारला. "अहो केरबादादा! आणलेल्या वस्तूला पाण्याचा थेंब लावायचा नाही. डब्यात घालायची, झाकण घट्ट लावायचं, वाऱ्यालासुद्धा जागा ठेवायची नाही!"

"असं व्हय? मग आधी सांगायचं की."

केरबानं पंचाला दुसरी गाठ मारली. "आता न्हाई चुकायचो."

मग मालनताई तालुक्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या. तिथं त्यांना सांगितलं, की आता पूर्वीसारखं शिकवायचं नाही. तक्त्यावर बोट ठेवून 'को कोंबडीचा' असं ओरडायचं नाही. पोरांना वस्तू दाखवायची, हातात द्यायची, वास घेऊ द्यायचा. हे सगळं त्यांना तीन दिवस तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं.

"केरबादादा, उद्या पोरांना खरी कोंबडी दाखवायची आहे," मालनताई म्हणाल्या. "सरपंच हौसाक्काकडून एक मागून आणा."

दुसऱ्या दिवशी पोरं गोल करून बसली. केरबा आला तो अंगणवाडीचा कुकर घेऊन. झाकण घट्ट लावलेलं. वर शिटीसुद्धा.

"कोंबडी कुठाय?"

"हाय की आत."

मालनताईंनी किंकाळी फोडून झाकण उघडलं. कोंबडी बाहेर उडाली. ती आधी मालनताईंच्या डोक्यावर बसली, मग हजेरीपटावर, मग खिडकीतून थेट आपल्या घरी गेली. कुकरच्या तळाशी एक अंडं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अंडं कुठून येतं, असं विचारलं तर आमच्या वाडीतली पोरं आजही 'कुकरमधून' म्हणतात.

मालनताईंनी कपाळावर हात मारला. "अहो केरबादादा! जिवंत जिवाला असं कोंडून आणतात का? मोकळं आणायचं! पुढं पुढं जोंधळे टाकायचे, ती ती ती म्हणायचं, की आपल्या पायानं मागं येतंय!"

"असं व्हय? मग आधी सांगायचं की."

तिसरी गाठ. "आता न्हाई चुकायचो."

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत एका सुनेचं डोहाळजेवण होतं. पहिल्यांदा पोटुशी असलेल्या बायकांचं डोहाळजेवण आता अंगणवाडीतच करतात. ओटी भरतात आणि पालेभाजी खा, गोळ्या चुकवू नको, असं सगळ्या एकदम सांगतात. मालनताई म्हणाल्या, "केरबादादा, पाहुण्या म्हणून हौसाक्का यायच्या आहेत. त्यांना मानानं घेऊन या."

हौसाक्का म्हणजे वजनदार बाई. नऊवारी, नाकात नथ, चालताना रस्ता त्यांना जागा द्यायचा. कोंबडीच्या प्रकरणापासून त्या केरबावर आधीच तापलेल्या होत्या. त्या उंबऱ्याबाहेर आल्या, तसा केरबा चार पावलं मागं सरकला. त्यानं त्यांच्या पायापुढं मूठभर जोंधळे टाकले.

"तीऽ तीऽ तीऽ!"

"काय रे मुडद्या?" हौसाक्का म्हणाल्या.

केरबानं आणखी मूठभर टाकले. "तीऽ तीऽ तीऽ! या, या. चला आपल्या पायानं."

हौसाक्का त्याला मारायला धावल्या. केरबा जोंधळे टाकत मागं मागं. तो समाधानानं बघत होता, खरंच मागं येत होत्या. जोंधळे बघून वाडीतल्या कोंबड्याही आल्या. पुढं केरबा, मागं हातात चप्पल घेतलेल्या सरपंच, त्यांच्या मागं चाळीस कोंबड्या आणि सगळ्यांच्या मागं मुंग्या, अशी ती मिरवणूक डोहाळजेवणाला पोचली. ओटी घेऊन बसलेली सून इतकी हसली, की बायकांना भीती वाटली, आत्ताच घेऊन जावं लागतंय की काय दवाखान्यात.

मालनताईंनी कपाळावर हात मारला. आता तिथं एक तांबूस डाग कायमचा पडायला लागला होता. "अहो केरबादादा! जे दाराशी येईल त्याला कुंकू लावायचं, हार घालायचा, हात जोडून आत घ्यायचं आणि ताट वाढायचं!"

"असं व्हय? मग आधी सांगायचं की."

चौथी गाठ. पंचा आता खांद्यावरून छातीपर्यंतच पोचायचा. "आता न्हाई चुकायचो."

दोन दिवसांनी दाराशी देवाला सोडलेला वळू आला. वाडीत कुणीही त्याच्या वाटेला जात नाही. केरबानं त्याला कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. हात जोडून म्हणाला, "या की आत. हितं कुणी परकं न्हाई."

वळू आत आला. केरबानं ताट वाढलं. वळूनं ते खाल्लं. मग एकोणीस आणखी खाल्ली. मग हार खाल्ला. मग भिंतीवरच्या एक ते दहा आकड्यांच्या तक्त्यातले आठ, नऊ आणि दहा खाल्ले. मालनताईंनी पोरं एकेक करून खिडकीतून बाहेर काढली आणि स्वतःही त्याच वाटेनं उतरल्या. केरबा मात्र आतच होता. तो वळूला विचारत होता, "आणखी वाढू का?"

कपाळावर हात. "अहो केरबादादा! असलं काही फुरफुरत, धूळ उडवत दाराशी आलं, की पुढचं दार लावायचं! आतून काठी आपटायची! आणि पोरं मागच्या दारानं घराकडं पळवायची!"

"असं व्हय? मग आधी सांगायचं की."

पाचवी गाठ. घरी शेवंतानं पंचाकडं बघितलं आणि विचारलं, "हे काय?"

"अक्कल," केरबा म्हणाला.

"बांधून ठेवलीय म्हणून बरंय," शेवंता म्हणाली.

आणि मग व्हायचं तेच झालं. तुषारच्या आईवडिलांना इचलकरंजीला यंत्रमागावर काम मिळालं. ते बिऱ्हाड उचलून गेले आणि तुषारला घेऊन गेले. पटावर एकोणीस राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, तालुक्याच्या मॅडम आज येत आहेत.

मालनताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मी रस्त्यावर जाऊन मॅडमना गाठते," त्या म्हणाल्या. "हातापाया पडते, एका पोरासाठी अंगणवाडी नेऊ नका म्हणते. केरबादादा, तुम्ही पोरांपाशी थांबा. आज काही घोळ घालायचा नाही. मी सांगितलंय तेवढंच करायचं."

"तेवढंच करतूय," केरबा म्हणाला आणि त्यानं पाचही गाठी चाचपल्या.

मालनताई पायवाटेनं गेल्या. मॅडमची जीप गाडीवाटेनं आली. दोघींची चुकामूक झाली.

केरबानं दारातून बघितलं. लांबून काहीतरी येत होतं. धूळ उडवत. फुरफुरत. सरळ अंगणवाडीच्या दारापर्यंत आलं आणि तिथं उभं राहून आणखी फुरफुरलं.

केरबा डगमगला नाही. पाचवी गाठ. त्यानं पुढचं दार धाडकन लावलं. मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "पळा रं घरला!" एकोणीसच्या एकोणीस पोरं पळाली. पोरांना असली आज्ञा रोज थोडीच मिळते. मग केरबानं काठी घेतली.

बाहेरून मॅडमनी दार वाजवलं. "कोण आहे आत?"

आतून काठी आपटली. "हुर्रर्र! हाड्! हो मागं!"

"अहो, मी तालुक्याहून आलेय!"

"कुठनंबी आलेली असू दे! आज खिचडी न्हाई मिळायची!"

मालनताई धापा टाकत पोचल्या तेव्हा मॅडम जीपला टेकून घाम पुसत होत्या. दार उघडलं. आत सतरंजी होती, सातपर्यंतचा तक्ता होता, काठी घेऊन उभा असलेला केरबा होता आणि मुंग्या होत्या. पोरगं एकही नव्हतं.

"पटावर किती?" मॅडमनी विचारलं.

मालनताईंनी हजेरीपट छातीशी धरला. त्यांचं रडवेलं तोंड केरबानं बघितलं. शेवंताचं काम गेलं. पोरं ओढ्यात पडली. त्याला सगळं दिसलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "कुठली गाठ चुकली?"

"पोरं आणा हो केरबादादा!" मालनताई ओरडल्या. "कशीही आणा! असतील तशी आणा!"

हे केरबाला येत होतं. हे तर पहिल्या दिवशीचंच होतं. तो सुटला तो वाऱ्यासारखा. पंधरा मिनिटांत एकोणीस पोरं सतरंजीवर होती. राजवीर घमेल्यात. अन्वी ताटासकट. शौर्यची आजी या वेळी ओरडली नाही, तिनं येताना विणकाम बरोबर आणलं होतं.

मॅडमनी यातलं काही बघितलं नाही. त्यांचं डोकं फोनमध्ये होतं. पूर्वी मॅडम पोरं मोजायच्या. आता नवीन पद्धत आली आहे. पोरं फोन मोजतो आणि मॅडम फोन बघतात. मान वर करायची त्यांची सवयच गेली होती.

"आजीबाई बाजूला व्हा. सगळ्यांनी सतरंजीवर नीट बसा," मॅडम फोनला म्हणाल्या. "हाताची घडी. तोंडावर बोट. इकडं बघा. कुणी हलायचं नाही."

सगळ्यांनी म्हटल्यावर सगळ्यांनी. केरबा मागच्या ओळीत मांडी घालून बसला. हाताची घडी घातली, मग एक हात काढून तोंडावर बोट ठेवलं, आणि इकडं बघितलं.

फोननं टिक् केलं. प्रत्येक तोंडाभोवती एक हिरवा चौकोन आला.

"वीस," मॅडम म्हणाल्या.

मालनताईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"एक चेहरा नवा दाखवतोय. नाव?"

"केरबा," केरबा म्हणाला.

"वडलांचं नाव?"

"जोती."

"जन्मतारीख?"

"आखितीला झालो. वर्ष काय ठावं न्हाई. लई जुनी गोष्ट हाय."

फोनमध्ये गेल्या सहा वर्षांतल्याच आखित्या, म्हणजे अक्षय्य तृतीया, होत्या. मॅडमनी बोटानं खाली खाली सरकवत त्यातली सगळ्यात जुनी निवडली. "आता वजन."

केरबा वजनकाट्यावर उभा राहिला. काटा करकरला. "एकसष्ट," मालनताई पुटपुटल्या.

फोनला एकसष्ट पसंत पडेना. मॅडमनी पुन्हा घातलं. पुन्हा लाल. "काय बाई कटकट आहे," म्हणत त्यांनी सहा आणि एकच्या मधे एक टिंब दिलं. फोन एकदम शांत झाला. मग त्यानं केरबाचं नाव मोठ्या तांबड्या अक्षरात दाखवलं.

"सहा किलो शंभर ग्रॅम?" मॅडमना पहिल्यांदाच वाईट वाटलं. "अहो मालनताई, हे बाळ फारच अशक्त आहे! याला रोज एक अंडं जास्त द्या. आणि लक्ष ठेवा हो याच्यावर."

"ठेवतेच आहे, मॅडम," मालनताई म्हणाल्या. "डोळ्यात तेल घालून."

जीप फुरफुरत गेली. अंगणवाडी राहिली. मालनताई भिंतीला पाठ लावून खाली बसल्या, हसावं की रडावं हे त्यांनाच कळेना. मग त्यांनी केरबाला जवळ बोलावलं. "हे बघा, हे कुणाला कळता कामा नये. आता तुम्ही पटावर आहात. रोज सतरंजीवर बसायचं. आणि इथून पुढं डोकं लावायचं नाही, माझंही ऐकायचं नाही. फोन म्हणेल तसंच करायचं. फोनच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचं नाही."

केरबानं सहावी गाठ मारली. पंचा संपला.

तीन महिने सुखात गेले. शेवंताचा पाय बरा झाला, ती कामावर आली. केरबा रोज सकाळी तोंड धुऊन मागच्या ओळीत बसायचा. गाणी म्हणायचा, मणी ओवायचा, आकडे सातपर्यंत मोजायचा. शेवंता खिचडी वाढत यायची आणि म्हणायची, "ए अशक्त बाळा, ताट पुढं कर." दुसरं अंडं खाताना त्याच्या डोळ्यांत असं काही सुख दिसायचं, की मालनताईंनाही त्याला उठवावंसं वाटायचं नाही. तीन महिन्यांत तो पासष्ट किलो झाला. फोननं सहा पूर्णांक पाच म्हणून अभिनंदन पाठवलं.

मग जून आला. एका सकाळी फोन वाजला. मालनताई खिचडीचे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हसत हसत मोठ्यानं वाचून दाखवलं, "अभिनंदन! आपले बालक केरबा जोती सहा वर्षांचे झाले आहे. त्यास त्वरित इयत्ता पहिलीत दाखल करावे."

सगळे हसले. केरबा नाही हसला. त्यानं सहावी गाठ चाचपली. सतरंजीवरून उठला. पोरांकडं एकदा बघितलं, डोळे पुसले आणि शेवंताचा हात धरून निघाला.

जिल्हा परिषदेची शाळा अंगणवाडीच्या मागंच आहे. तिथले गुरुजीही वरून आलेला एक कागद वाचत बसले होते. त्यांच्या शाळेचा पट एकानं कमी पडत होता. दारात केरबा उभा राहिला, गळ्यात पिशवी, पिशवीत पाटी.

"पहिलीत बसायचंय," केरबा म्हणाला.

गुरुजींनी त्याला खालून वरपर्यंत बघितलं. मग कागदाकडं बघितलं. मग आपला फोन उघडला. फोनमध्ये केरबाचं नाव होतं, जन्मतारीख होती, फोटो होता. गुरुजींचा चेहरा उजळला.

"ये बाळ, पुढच्या बाकावर बस. पालक कोण?"

"मीच की," शेवंता म्हणाली. "अठरा वर्षं सांभाळतेय."

तो कुठं गेला ते मालनताईंना कळलं तेव्हा त्या तांदळाच्या हातानंच शाळेकडं धावल्या. खिडकीतून ओरडल्या, "अहो केरबादादा! परत या! तुम्ही गेलात, की अंगणवाडीत एकोणीसच राहतात!"

केरबानं तोंडावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वर्गात बोलायचं न्हाई, ताई. आणि पहिलीतलं पोर परत अंगणवाडीत बसत न्हाई. फोननं सांगितलंय."

मालनताईंनी गुरुजींना हात जोडले. गुरुजींनी मालनताईंना हात जोडले. दोघंही एकमेकांना म्हणत होते, माझं पोर नेऊ नका. केरबा तेवढ्यात सातच्या पुढचे आकडे शिकत होता.

ही झाली कालची गोष्ट. आज सकाळी पुन्हा फोन आला, मॅडम पुन्हा मोजायला येत आहेत, या वेळी साहेबांना घेऊन. म्हणूनच आई रस्त्यावर गेली होती. तिला वाटलं, साहेबांना खरं खरं सांगून टाकावं. पण ती आत्ता परत येताना दिसते आहे, पायवाटेनं पळत, आणि गाडीवाटेनं धूळ येते आहे, आणि फुरफुरणंही ऐकू येतंय. आई दारात आली. तिनं ट्रंक उघडली. तिच्या हातात तांबड्या रिबिनी आहेत आणि माझा फार जुना, बदकांचा फ्रॉक आहे. ती हाका मारते आहे, "उठ, वही टाक ती! दोन वेण्या घाल आणि मागच्या ओळीत बस, गुडघे पोटाशी घेऊन, नाहीतरी तू तशी बुटकीच आहेस!" मी म्हणतेय, अगं आई, मी नववीत आहे, पण ती म्हणते, ते तुला आणि मला माहीत, फोनला